मोडलेला पाय आणि मागे उरलेली वेदना : महादजी शिंद्यांपासून जामखेडपर्यंत

पानिपतच्या पराभवानंतर उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या त्या सुप्रसिद्ध सांकेतिक मजकुरात मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. मराठी वाचकाला तो शाळेपासून ठाऊक असतो. त्या हिशेबात एक रकाना मात्र नव्हता. जे गेले ते मोजले गेले; जे मोडले आणि मोडलेल्या अवस्थेतच घरी परतले, त्यांची गणती त्यात नव्हती. युद्धाच्या इतिहासात हा माणूस नेहमीच अडचणीचा ठरतो. तो हुतात्मा नसतो आणि विजयी वीरही नसतो. तो केवळ जिवंत असतो, आणि जिवंत राहण्याची किंमत रोज थोडी थोडी फेडत असतो.

अशा माणसांपैकी एकाविषयी आपल्याला बरेच काही माहीत आहे, कारण तो पुढे फार मोठा झाला. महादजी शिंदे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणातून निघाले तेव्हा तिशीच्या आसपास होते. सर जॉन मॅल्कम यांनी 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' (१८२३) या ग्रंथात त्या पळाची हकीकत दिली आहे. एका अफगाण स्वाराने पाठलाग करून त्यांना गाठले, गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचे दागिने आणि घोडी काढून घेतली, आणि त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याच्या नजरेस ते पडले. त्याने त्यांना आपल्या बैलावर घातले आणि दख्खनच्या वाटेला लावले. प्राण वाचला, पण उजवा पाय जन्माचा निकामी झाला.

याच हकीकतीत मॅल्कमने आणखी एक तपशील दिला आहे, आणि माझ्या मते तो परशूच्या घावाइतकाच महत्त्वाचा आहे. महादजी पुढे अनेक वर्षे हा प्रसंग सांगत असत. आपली दक्षिणी घोडी चपळ होती. ती त्या अफगाणाच्या थोराड घोड्याला पुष्कळ मागे टाकी. पण विसाव्यासाठी क्षणभर थांबावे, तो मागे तोच स्वार, त्याच संथ चालीने येताना दिसे. हे दृश्य त्यांच्या मनावर इतके बिंबले होते की झोपेतही तो स्वार त्यांचा पाठलाग करीत असे. गुडघ्याचा घाव एकदाच बसला. त्या घोड्याच्या टापा मात्र वर्षानुवर्षे वाजत राहिल्या.

महादजींचा आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पूर्वीच्या अहमदनगरचा) संबंध जुना आहे. श्रीगोंदे, म्हणजे पूर्वीचे चांभारगोंदे, हे शिंद्यांचे ठाणे. पारनेर तालुक्यातील जामगावचा भव्य वाडा महादजींच्या नावाने ओळखला जातो. याच जिल्ह्यात आजही रोज कोणाचा ना कोणाचा पाय मोडतो. कोणी दुचाकीवरून पडतो, कोणी उसाच्या ट्रॉलीखाली सापडतो, कोणी विहिरीच्या कामावर घसरतो. त्याला रुग्णालयात नेतात, हाडात सळई किंवा पट्टी बसते, क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते. आणि वर्षभराने त्यातला एक जण शेतात असतो, तर दुसरा ओसरीवर पाय धरून बसलेला असतो. दोघांची हाडे सारखीच जुळलेली. मग फरक कशाने पडला? तो आधी ओळखता आला असता का? प्रश्न वैद्यकाचा आहे. पण त्याला एक इतिहास आहे, आणि तो भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे.

या प्रश्नाचे आपल्याकडील एक फार जुने उत्तर सुश्रुतसंहितेत सापडते. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मोडलेल्या हाडांचे आणि निखळलेल्या सांध्यांचे प्रकार सांगितले आहेत, तर चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय उपचारांचा आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या बांधून हाड स्थिर करावे. बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही. फार घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पू होतो. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा. पाय मोडलेल्या माणसाला खुंट्या मारलेल्या फळीवर निजवावे, म्हणजे अंग हलणार नाही. या शय्येचे नाव 'कपाटशयन'. कपाट म्हणजे दाराची फळी.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या अध्यायातील भाकीत. लहान वयात हाड एका महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. कोणाचे हाड कष्टाने बरे होते? जो अल्प खातो त्याचे. ज्याचा स्वतःवर ताबा नाही, जो 'अनात्मवान' आहे त्याचे. जो वातप्रकृतीचा आहे त्याचे. आणि ज्याला इतर उपद्रव जडले आहेत त्याचे. अध्यायाच्या आरंभीच, कोणतेही औषध सांगण्यापूर्वी, ही यादी येते. मोडलेल्या हाडाचे भवितव्य केवळ हाडात नसून ज्याचे ते हाड आहे त्या माणसात आहे, हे तिचे सूत्र. वय, अन्न, स्वभाव, प्रकृती, गुंतागुंत अशी ही पाच कलमे आहेत. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्याकडे मोजणी नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, आणि 'अनात्मवान' या शब्दात रुग्णालाच दोष देण्याची सोय होती. या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

महादजींचा पाय मोडण्याच्या पाचच वर्षे आधी, १७५६ मध्ये, लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या नामांकित शल्यवैद्याचा पाय घोड्यावरून पडून मोडला. हाड कातडी फोडून बाहेर आले होते. पॉटच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात ही कथा येते. पॉटने स्वतःला हलवू दिले नाही. थंडीत रस्त्यावर पडून राहून त्याने पालखीवाले बोलावले, एक दार विकत घेतले, त्याला पालखीचे दांडे ठोकवले आणि त्या दारावर निजून तो घरी गेला. जमलेल्या शल्यवैद्यांनी पाय कापायचे ठरवले. हत्यारे तयार झाली. तेवढ्यात त्याचा जुना गुरू एडवर्ड नॉर्स आला आणि म्हणाला की हा पाय वाचवून पाहावा. पाय वाचला. अंथरुणावरच्या सक्तीच्या विश्रांतीत पॉट लेखनाकडे वळला, असे त्याचा चरित्रकार सांगतो. १७६८ च्या सुमारास अस्थिभंगावरचा त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

सुश्रुताचे कपाट आणि पॉटचे दार हा योगायोग मनोरंजक आहे, पण त्याहून बोलका आहे तो निर्णयाचा क्षण. त्या काळी हाड उघडे पडलेल्या पायाविषयी एकच भाकीत असे : कापला नाही तर माणूस मरेल. ते बहुतेक वेळा खरेही ठरे, कारण जखम चिघळत असे. पॉटला वाचवले ते नॉर्सच्या वेळेवर येण्याने, त्याच्या शब्दाला असलेल्या वजनाने, आणि कसे उचलून न्यावे हे स्वतः पॉटला ठाऊक असण्याने. लंडनच्या रस्त्यावर पडलेल्या एखाद्या हमालाकडे यातले काहीच नव्हते. म्हणजे तेव्हाही भवितव्य केवळ जखमेवर ठरत नव्हते.

पुढच्या दोन शतकांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो, कारण तो विजयाचा आहे. १८४६ मध्ये ईथरची भूल सिद्ध झाली. १८५० च्या सुमारास मॅथायसन या डच लष्करी वैद्याने प्लास्टरच्या पट्ट्या वापरात आणल्या. १८६५ मध्ये ग्लासगोत एका अकरा वर्षांच्या मुलाचा पाय गाडीच्या चाकाखाली मोडला. जोसेफ लिस्टरने त्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली आणि सहा आठवड्यांत हाड जुळले. १८९५ मध्ये क्ष-किरण आले. पहिल्या महायुद्धात थॉमसच्या चौकटीने मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. १९३९-४० मध्ये कील येथील गेरहार्ड कुंट्शरने मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवली. माणूस महिनोन्महिने खाटेला खिळून राहण्याऐवजी काही दिवसांत उभा राहू लागला. लिस्टरच्या आधी प्रश्न होता, माणूस जगेल काय. त्यानंतर झाला, पाय राहील काय. कुंट्शरनंतर, हाड जुळेल काय. तिन्ही प्रश्नांची उत्तरे उत्तरोत्तर चांगली येत गेली. आणि तेव्हाच चौथा प्रश्न उघडा पडला : हाड जुळले, मग माणूस का दुखतो?

या चौथ्या प्रश्नाचा मोठा शोध अमेरिकेत झाला. १९९० च्या दशकात तेथील आठ ट्रॉमा केंद्रांत, पाय गमावण्याची भीती असलेल्या शेकडो रुग्णांना नोंदवून घेतले गेले. काहींचा पाय वाचवला होता, काहींचा कापावा लागला होता. ५६९ रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या एकूण कार्यक्षमतेत लक्षणीय फरक नव्हता. दोन्ही गटांत सुमारे निम्मेच लोक कामावर परतू शकले होते. मग फरक कशाने पडत होता? गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात भरती होणे, कमी शिक्षण, दारिद्र्य, विम्याचा अभाव, गोऱ्या वर्णाबाहेरचे असणे, आधार देणाऱ्या माणसांची वाण, धूम्रपान, भरपाईसाठी चालू असलेला दावा, आणि 'आपण पुन्हा उभे राहू शकू' या विश्वासाची उणीव. शल्यवैद्याच्या सुरीच्या टप्प्यात यातल्या फार थोड्या गोष्टी येतात.

त्याच रुग्णांकडे सात वर्षांनी पुन्हा पाहिले गेले, आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले. एक चतुर्थांशाहूनही कमी लोक पूर्ण वेदनामुक्त होते. कोणाची वेदना टिकेल याची चिन्हे बऱ्याच आधी दिसली होती. कमी शिक्षण आणि कमी आत्मविश्वास ही त्यांतली दोन. शिवाय दुखापतीनंतर तिसऱ्या महिन्यात ज्यांची वेदना तीव्र होती, झोप मोडलेली होती, मन खिन्न किंवा धास्तावलेले होते, त्यांना पुढेही वेदनेने गाठले. आता रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल जानेवारी २०२२ पासून) शस्त्रक्रियेनंतर किंवा इजेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ती आता दुसऱ्या कशाचे लक्षण एवढीच उरलेली नाही. तिला स्वतःचे नाव आहे.

ही यादी हाती घेऊन आता पुन्हा महादजींकडे पाहू. असे पाहण्यात कालविपर्यासाचा धोका आहे. अठराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकातली प्रश्नावली भरायला लावता येत नाही. तरीही दोन्ही पारड्यांत काय होते ते मांडता येते. वाईट चिन्हे पुष्कळ होती. घाव गुडघ्यावरचा आणि उघडा. उपचारापूर्वी बैलाच्या पाठीवरचा दीर्घ प्रवास. घर उद्ध्वस्त झालेले : जयाप्पा १७५५ मध्ये नागोरास मारले गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले, तुकोजी आणि पुतण्या जनकोजी पानिपतात गेले. राणोजींचा दासीपुत्र म्हणून वारशावरचा हक्कही वादात होता आणि सरदारी पदरात पडण्यास काही वर्षे जावी लागली. आणि रात्री झोपेत तो स्वार येत होता. आजच्या कोणत्याही वेदनातज्ज्ञाने त्या एका तपशिलापुढे लाल खूण केली असती.

दुसऱ्या पारड्यात काय होते? वय तरुण होते. पुन्हा करण्याजोगे काम होते, आणि ते घोड्यावर, पालखीत, हत्तीवर बसूनही करता येत होते; लंगडा सरदार सरदार राहू शकतो, लंगडा हमाल हमाल राहत नाही. आणि राणेखान होता. महादजींनी त्याला भाऊ मानले, 'राणेखान भाई' म्हणून तो ओळखला गेला, आणि गुलाम कादिराविरुद्धच्या १७८८ च्या मोहिमेत त्याने शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व केले. इतिहासकार ही कृतज्ञतेची कथा म्हणून सांगतात. ती तशी आहेच. पण संशोधकांच्या यादीतील 'आधार देणारी माणसे' या कोरड्या कलमाचा अर्थ याहून चांगला कोठे समजेल, मला माहीत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे : १७७२ मध्ये शहाआलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणणे, १७८२ चा सालबाईचा तह, १७८४ मध्ये वकील-ई-मुतलकचे पद. जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले. तेव्हा हत्तीवरून उतरून, जुन्या मानकऱ्यांच्या खाली उभे राहून, काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून त्यांनी सवाई माधवरावांच्या पायांशी ठेवले, असे ग्रँट डफ लिहितो. आपण हा प्रसंग नम्रतेचा की नम्रतेच्या राजकारणाचा, यावर वाद घालतो. तो माणूस एका निकामी पायावर उभा होता, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचा अंत झाला. घावानंतर ते तेहतीस वर्षे जगले. मॅल्कम पाय निकामी झाल्याचे सांगतो. तो दुखत होता की नाही ते सांगत नाही. लंगडणे बाहेरून दिसते, म्हणून इतिहासात येते. दुखणे सांगावे लागते, आणि सांगण्यासाठी ऐकणारा लागतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध येतो. १९७५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत आकडे कमी आणि शब्द जास्त होते : वेदनेची ७८ विशेषणे, वीस गटांत लावलेली. रुग्णाने आपला शब्द निवडायचा. वेदना मोजण्याचे साधन म्हणून शब्दसंग्रह वापरणे हा विचारच भाषेच्या माणसाला आनंद देणारा आहे. मराठीत ही संपत्ती थोडी नाही. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते, चमक निघते, सणक जाते, पाय भरून येतो, ओढ लागते, आग होते, मुंग्या येतात, सल राहतो. 'ठणकतोय' म्हणणारा आणि 'आग होतेय' म्हणणारा यांचे दुखणे एकच असेल असे नाही. शिरेची वेदना आणि सांध्याची वेदना बहुतेकदा वेगळ्या शब्दांत बोलते. पाथर्डीकडची म्हातारी हे सगळे शब्द अचूक वापरते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र तिला विचारले जाते, 'दुखतंय का?' आणि उत्तराच्या जागी 'हो' एवढेच लिहिले जाते.

प्रश्नांचीही तीच गत. जिना चढता येतो का, खुर्चीवरून उठता येते का, हे प्रश्न ज्या घरांसाठी तयार झाले ती घरे वेगळी. येथे विचारायला हवे ते असे : मांडी घालून जेवायला बसता येते का? उकिडवे बसता येते का? डोक्यावर हंडा घेऊन ढेकळांतून चालता येते का? मोळी उचलून ट्रॉलीच्या फळीवर चढता येते का? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मजुरी कोयत्यामागे मोजतात आणि एक कोयता म्हणजे दोघे. एकाचा पाय गेला की दोघांचा हंगाम गेला. त्याचे बरे होणे क्ष-किरण चित्रावर ठरत नाही.

हे ओळखणारे काम याच जिल्ह्यात झाले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्या प्रकल्पाचा कणा. रुग्ण घरी गेल्यावर काय खातो, कोण त्याची काळजी घेते, कर्ज किती झाले, झोप लागते का, हे रुग्णालयातल्या तज्ज्ञापेक्षा त्या बाईला अधिक कळते. संशोधकांनी वर्षानुवर्षे मोजून काढलेली धोक्याची चिन्हे तिच्या रोजच्या फेरीत दिसत असतात. ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी प्रकल्पाने जयपूर फूट तयार करण्याची कार्यशाळाही चालवली. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेल्या या पायाचे मर्म हेच की त्यावर अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, उकिडवे बसता येते. 'बरे होणे' म्हणजे काय, याची व्याख्या तेथे आधी रुग्णाच्या अंगणात केली गेली आणि मग पाय घडवला गेला.

आता त्या 'अनात्मवान' शब्दाकडे परत येतो. ज्याचा स्वतःवर विश्वास कमी त्याची वेदना टिकते, हे आधुनिक विधान आणि ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याचे हाड कष्टाने जुळते, हे प्राचीन विधान, ही दोन्ही कानाला जवळची वाटतात. दोन्हींचा एकच दुरुपयोग होऊ शकतो : 'तुझे दुखणे तुझ्या मनाचे आहे' असे म्हणून दार लावून घेणे. पण कमी शिकलेल्या, कर्जात बुडालेल्या, एकट्या पडलेल्या माणसाचा विश्वास कमी असतो तो स्वभावदोषामुळे नव्हे. अनुभवाने त्याला तसे शिकवलेले असते. भाकीत आणि ललाटलेख यांत फरक आहे. ललाटलेख वाचून हात जोडायचे असतात. भाकीत ऐकून हात पुढे करायचा असतो. तिसऱ्या महिन्यात ज्याला झोप नाही, ज्याला अपघात पुन्हा पुन्हा दिसतो, ज्याच्या घरी विचारणारे कोणी नाही, त्याच्याकडे आधी जावे, एवढ्याचसाठी हे भाकीत हवे.

पानिपतहून परतणाऱ्या त्या गर्दीत पाय मोडलेले महादजी एकटेच नसणार. राणेखानाचा बैल एकच होता. ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे काय झाले, हे आपल्या हिशेबात नाही. निदान आज मोडणाऱ्या पायांच्या हिशेबात तरी तो रकाना असावा.